बॅरलवर खाचा मारून घेण्याआधी आणि नंतर

लांब पल्ल्याच्या नेमबाजीतल्या एफ-टीआर प्रकारात रायफल 8.25 किलोच्या वर गेली की स्पर्धेत उतरता येत नाही. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आणि बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) हे सगळं त्यात धरून. माझी रायफल या मर्यादेच्या जेमतेम खाली होती. मग मी जास्त ताकदीचा, पण जड स्कोप बसवला आणि काटा वर गेला. आता पाव किलोहून जास्त वजन कुठून तरी उतरवणं भाग होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जमिनीवर पालथं झोपायचं, रायफलची पुढची बाजू बायपॉडवर आणि मागची वाळूच्या पिशवीवर ठेवायची, आणि 1000 यार्डांपर्यंतच्या, म्हणजे 914 मीटरपर्यंतच्या लक्ष्यावर गोळ्या टाकायच्या. 1000 यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ साधारण 10 इंचांचं असतं आणि त्याच्या आतलं बरोबरी फोडणारं वर्तुळ 5 इंचांचं. कॅनडातल्या जॉर्ज फार्क्युहार्सन या नेमबाजानं हा प्रकार सुरू केला, वय वाढलं तरी लांब पल्ल्याचा खेळ सोडावा लागू नये म्हणून. एफ हे अक्षर त्याच्याच नावाचं. टीआरमध्ये काडतुसं दोनच चालतात, .223 आणि .308. माझी .308 आहे. मी कोलोरॅडोत राहतो, त्यामुळे शेजारच्या न्यू मेक्सिकोतलं रॅटनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर हे आमचं मोठं मैदान.

वजन कमी करायला वाटा तशा थोड्याच होत्या. बॅरल, म्हणजे रायफलची नळी, आखूड करता येत होतं, पण दर इंचाला गोळीचा वेग सेकंदाला साधारण 6 ते 8 मीटरनं घटतो. 1000 यार्डांवर पोचेपर्यंत .308 ची गोळी आवाजाच्या वेगाच्या काठावर आलेली असते, तिथे हे परवडत नाही. दस्ता पोखरायचा, तर रायफल पुढे झुकते आणि धक्क्याला जास्त उडी मारते. बॅरल बारीक करायचं, तर ते लवचीक होतं. उरल्या खाचा. बॅरलच्या बाहेरच्या अंगाला लांबीच्या दिशेनं मारलेल्या उथळ पन्हळी, ज्यांना इथे सगळे फ्लूट म्हणतात.

खाचांबद्दल मैदानावर तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात: बॅरल हलकं होतं, ताठ होतं आणि लवकर निवतं. पहिलीबद्दल वाद नाही, पोलाद काढलं की वजन जाणारच. दुसऱ्या दोन मला कधीच पटल्या नव्हत्या. मी सांगलीत मेकॅनिकल शिकलो आणि माझी सुरुवातीची नोकरी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये झाली. तिथे एक सवय अंगात भिनली: काम करायच्या आधी मोजलं नाही, तर नंतर मोजलेल्या आकड्याला काही किंमत नाही. यावेळी माझ्या हातात बिनखाचांचं, वापरातलं, माहितीतलं बॅरल होतं आणि त्याच बॅरलवर खाचा मारायच्या होत्या. दोन वेगळ्या बॅरलांची तुलना करण्यात काही अर्थ नसतो, कारण एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी निघालेली दोन बॅरलं सुद्धा सारखी मारत नाहीत. आधी आणि नंतर, दोन्ही तेच बॅरल, अशी संधी सहसा मिळत नाही.

आमच्या भागातल्या ज्या कारागिरांकडे मी रायफलचं काम देतो ते सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा किंवा नक्षीचा नव्हता. आतले आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या चऱ्या, कसे पाडलेत, कापून की बटणानं, हे त्यांना हवं होतं. याला फार महत्त्व आहे. बटण पद्धतीत कार्बाइडचं कठीण बटण बोअरमधून, म्हणजे नळीच्या आतल्या भोकातून, दाबून ओढतात आणि धातू सरकून आटे उमटतात. त्यात पोलादाच्या अंगात ताण कोंडून राहतो. नंतर भट्टीत तापवून तो काढला जातो, पण पूर्ण गेला असेलच याची खात्री नसते. अशा बॅरलचा बाहेरचा थर काढला की कोंडलेला ताण मोकळा होतो आणि खाचांखालचा बोअर काही मायक्रॉन सैल पडू शकतो. गोळी आधी घट्ट आणि मग सैल भागातून गेली की अचूकता गेली. कापून पाडलेल्या आट्यांत एकेक फेरीला किंचित धातू खरवडला जातो, त्यामुळे ताण फारसा राहत नाही. माझं बॅरल कापलेल्या आट्यांचं होतं. ते म्हणाले, "बटणाचं असतं तर मी हात लावला नसता. त्या कारखान्यातच, शेवटच्या लॅपिंगच्या, म्हणजे बोअर आतून घासून गुळगुळीत करण्याच्या, आधी मारून घ्यायला सांगितलं असतं."

माझ्या मते खाचांच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी सल्ला हाच आहे आणि तो फार कमी जणांच्या कानावर पडतो. खाचा सरळ हव्यात की पिळाच्या, सहा की आठ, यावर लोक तासन्‌तास बोलतात. आतला बोअर काय म्हणेल हे विचारत नाहीत.

बॅरल त्यांच्याकडे देण्याआधी मी ते गॅरेजमध्ये मोजलं. लांबी 30 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर. मुळाशी थोडं जाड, पुढे बहुतेक लांबीत 26 मिलिमीटर व्यास. वजन 2.88 किलो. रिसीव्हर, म्हणजे बॅरल जिथे बसतं तो रायफलचा सांगाडा, जड व्हाइसमध्ये तांब्याच्या पट्ट्या घालून आवळला, बॅरल आडवं मोकळं ठेवलं, तोंडाशी 5 किलोचं वजन टांगलं आणि डायल गेज लावून ते किती वाकतं ते पाहिलं. तोंड 1.6 मिलिमीटरच्या आसपास खाली येत होतं. पोलादाची ही इतकी जाड नळी पाच किलोला एवढी वाकते याचं नवखा माणूस आश्चर्य करतो. व्हाइस स्वतः किती हलतं तेही दुसऱ्या गेजनं पाहून वजा केलं, नाहीतर हा आकडा खोटा निघतो.

मिलिंगचं काम मी समोर उभं राहून पाहिलं. बॅरल इंडेक्सिंग हेड आणि टेलस्टॉकमध्ये धरलेलं, मध्ये दोन ठिकाणी आधार. सहा मिलिमीटरचा बॉलनोज कटर, भरपूर कूलंट. एक खाच पूर्ण करून दुसरीकडे वळायचं, असं त्यांनी केलं नाही. पातळ कट घ्यायचा, बॅरल अर्धं फिरवून समोरच्या बाजूला तेवढाच कट घ्यायचा, मग पुढची जोडी. सहाही खाचा थोड्या थोड्या खोल होत एकदमच तळाला पोचल्या. एका अंगाला जास्त धातू गेला किंवा जास्त उष्णता लागली की नळी केसभर वाकते आणि ते वाकणं पुढे तापल्यावर उघडं पडतं. खोली 3 मिलिमीटर. खाचा रिसीव्हरपासून 18 सेंटिमीटर पुढे सुरू होतात आणि तोंडाच्या 8 सेंटिमीटर आधी संपतात. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, वर आणि त्याच्या लगेच पुढे, जिथे दारूच्या वायूचा दाब सर्वांत जास्त असतो, तिथे खाच नाही. खाचेच्या तळापासून बोअरपर्यंत 6 मिलिमीटर पोलाद शिल्लक आहे.

काम झाल्यावर मऊ शिशाची गोळी बोअरमध्ये घालून काठीनं हळूहळू पुढे सरकवली. बोअर कुठे सैल झाला असेल तर तिथे ती एकदम निसटल्यासारखी पुढे जाते, हाताला कळतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा विरोध लागला. माझी निम्मी काळजी तिथेच मिटली.

वजन 330 ग्रॅमनं उतरलं. रायफल मर्यादेच्या आत आली. दोनशे डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि ज्यासाठी केला ते काम फत्ते झालं.

मग पुन्हा व्हाइस, तेच पाच किलो, तेच गेज. तोंड आता 1.9 मिलिमीटरच्या जवळ खाली आलं. म्हणजे बॅरल ताठ झालं नाही, साधारण 16 टक्के जास्त वाकायला लागलं. मी आधी कागदावर मांडलेल्या हिशेबाशी हे जुळत होतं. वाकण्याला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते, म्हणजे बाहेरच्या कडेचं पोलाद सगळ्यात जास्त कामाचं असतं, आणि खाचा नेमकं तेच काढून टाकतात. खाचांच्या भागात 17-18 टक्के धातू गेला, पण ताठपणा 27 टक्के गेला. लोक पन्हळी पत्र्याचं उदाहरण देतात, की सपाट पत्र्यापेक्षा तो किती ताठ. पण पन्हळी पत्र्यात काही काढलेलं नसतं, तेवढाच पत्रा वर-खाली फाकवलेला असतो. बॅरलमधून तुम्ही पोलाद काढता आणि भंगारात टाकता.

मग खाचांच्या बाजूनं बोलणारे सगळेच खोटं सांगतात का? तसंही नाही. तुलना कशाशी करायची यावर सगळं आहे. माझं बॅरल त्याच वजनाचं, पण बिनखाचांचं करायचं असतं, तर व्यास 26 वरून 24.6 मिलिमीटरवर आणावा लागला असता. त्या बारीक नळीपेक्षा माझी खाचांची जाड नळी ताठ आहे. किती? हिशेबानं सात-आठ टक्के. मी हा आकडा दोनदा तपासला, कारण मैदानावरच्या गप्पांतून मला याच्या तिप्पट अपेक्षा होती. सात-आठ टक्के म्हणजे नगण्य नाही, पण कुणी यासाठी झोप मोडावी इतकंही नाही.

उष्णतेची गोष्ट जास्त रंजक आहे, आणि मी तिच्यावर जास्त वेळ घालवला.

.308 च्या काडतुसात साधारण 2.85 ग्रॅम दारू असते. जळून निघालेल्या ऊर्जेतली एक तृतीयांशाच्या आसपास गोळीला मिळते, जवळपास तेवढीच बॅरलमध्ये मुरते आणि उरलेली तोंडातून वायूबरोबर जाते. बॅरलच्या वाट्याला दर गोळीला 3 किलोज्यूल धरले, तर माझी बिनखाचांची नळी दर गोळीला सरासरी सव्वादोन अंशांनी तापत होती. आता वस्तुमान कमी झालं, तेव्हा तेवढ्याच उष्णतेनं ती अडीच अंशांहून थोडी जास्त तापते. वीस गोळ्यांच्या फेरीत हा फरक पाच-सहा अंशांचा होतो. म्हणजे खाचांमुळे बॅरल लवकर तापतं, ही पहिली गोष्ट. निवतं किती लवकर हा प्रश्न त्यानंतरचा.

हे मोजायला मी दारबंद गॅरेज निवडलं, वारा नको म्हणून. बोअरमधून हीटगनची गरम हवा सोडायची, बॅरलच्या मध्यावर चिकटवलेल्या थर्मोकपलवर 80 अंश दिसले की बंद करायची, तापमान लांबीभर सारखं व्हायला थोडं थांबायचं आणि 40 अंशांपर्यंत यायला किती वेळ लागतो ते टिपायचं. अवरक्त किरणांचं पिस्तूल-थर्मामीटर इथे चालत नाही. चकचकीत स्टेनलेस स्वतः किरण फार कमी सोडतं आणि आजूबाजूच्या भिंतींचे किरण परावर्तित करतं, त्यामुळे ते यंत्र प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतं. अशा पिस्तुलानं "फ्लूटवालं बॅरल थंड असतं" हे सिद्ध करून दाखवणारे मी पाहिले आहेत. तापमान मोजायचं तर संवेदक धातूला चिकटलाच पाहिजे.

खाचांआधी मला 80 वरून 40 वर यायला चाळीस मिनिटांहून थोडा जास्त वेळ दिसला होता. खाचांनंतर तो पस्तीसच्या आसपास आला. म्हणजे फायदा आहे. पण त्यातला बराच हिस्सा निव्वळ वजन कमी झाल्याचा आहे, कारण थंड करायला पोलादच कमी उरलं. खाचांनी पृष्ठभाग एकूण 16-17 टक्के वाढला खरा, पण खाचेच्या आतली हवा शांत गॅरेजमध्ये साचून राहते आणि खाचेच्या दोन भिंती एकमेकींकडेच उष्णता फेकतात. किरणांनी जाणारी उष्णता बाहेरच्या घेरावर ठरते, खाचांच्या तळाचा त्यात फारसा फायदा नाही.

आणि इथे मी एक वेगळी गोष्ट करून पाहिली. बॅरल पुसून तेलमुक्त केलं आणि उष्णता सहन करणारा मंद काळा रंग पातळ थरात मारला. पुन्हा 80 वरून 40. पंचवीस मिनिटांच्या आत! एका रंगाच्या डब्यानं खाचांच्या दुपटीहून जास्त वेळ वाचवला. कारण समजायला अवघड नाही. किरणांतून जितकी उष्णता सोडता येते तिच्या जेमतेम पंचमांश चकचकीत पोलाद सोडतं, मंद काळा पृष्ठभाग नऊ दशांशाच्या वर. 80 अंशांच्या बॅरलबाबत शांत हवेत हवेच्या हालचालीनं जितकी उष्णता जाते, जवळपास तितकीच काळ्या पृष्ठभागावरून किरणांनी जाते. चकचकीत ठेवून आपण ती वाट बंद करून टाकतो. उन्हात काळं बॅरल जास्त ऊन शोषेल हे खरं आहे, म्हणून फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी रायफल सावलीत ठेवतो.

पण मैदानावर हे दोन्ही मागे पडतात, कारण तिथे वारा असतो. सेकंदाला तीन मीटरचा साधा वारा आडवा लागला, तरी हवेतून जाणारी उष्णता शांत हवेच्या चौपट होते. रॅटनच्या पठारावर तेवढा वारा बहुतेक वेळा असतोच. आणि फेऱ्यांच्या मध्ये बोल्ट काढून चेंबरमधून बॅटरीवरच्या छोट्या पंख्यानं हवा सोडली, तर आतूनच थंड होतं. हा पंखा खाचांच्या खर्चाच्या छोट्याशा भागात येतो. बॅरल थंड ठेवायचं हा एकच उद्देश असेल, तर पैसे पंख्यावर घालवावेत असं मी आता ज्याला त्याला सांगतो.

बॅरलवर गोल खळगे पाडून घेण्याचंही वेड आहे आणि त्याला गोल्फच्या चेंडूचा दाखला देतात. चेंडूवरचे खळगे त्याच्या मागची हवेची शेपटी अरुंद करतात, कारण चेंडू हवेतून वेगानं जात असतो. बॅरल जागच्या जागी असतं. पहिल्या महायुद्धातल्या लुईस मशीनगनचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. तिच्या बॅरलभोवती ॲल्युमिनियमच्या पात्यांचा थंडाव्यासाठीचा जाड साज होता. विमानांवर बसवताना तो काढून टाकला आणि ती बंदूक त्याशिवायही व्यवस्थित चालली. ऑस्ट्रियाच्या स्टायरच्या बॅरलांवर पिळासारखे दिसणारे ठसे असतात. ते थंडाव्यासाठी नव्हेत, हातोडे मारून बॅरल घडवताना उमटलेल्या खुणा आहेत, आणि कारखान्यानं त्या घासून काढल्या नाहीत इतकंच. मला त्या फार देखण्या वाटतात. देखणेपण हेही खाचा मारून घेण्याचं सरळ, प्रामाणिक कारण होऊ शकतं.

पृष्ठभागावरच्या प्रक्रियांत मला खरोखर कामाची वाटते ती नायट्रायडिंग. वितळलेल्या गरम क्षारांत पोलादाचा वरचा पातळ थर कठीण होतो, गंज आणि झीज दोन्ही कमी होतात. कोकणासारख्या दमट हवेत राहणाऱ्याला तिचं मोल जास्त कळेल. ती गोळी अचूक करत नाही, बॅरल टिकवते.

आता अचूकता. खाचांआधी मी 300 यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचे पुंजके) मारून ठेवले होते, खाचांनंतर त्याच काडतुसांनी, सकाळच्या त्याच शांत वेळी पुन्हा मारले. मधल्या काळात बॅरलमधून इतक्या थोड्या गोळ्या गेल्या होत्या की चेंबरपुढची झीज धरण्याजोगी नव्हती. पाच गोळ्यांचा ग्रुप हे फार डळमळीत माप आहे. रायफल, दारू, माणूस काहीही न बदलता ग्रुपची रुंदी सरासरीच्या पाव हिश्शानं वर-खाली होत राहते. एक छान ग्रुप दाखवून "बघ, फ्लूटनं काय कमाल केली" म्हणणाऱ्याला त्याच बॅरलचा पुढचा ग्रुप मारायला सांगावा. दहा ग्रुपांची सरासरी घेतली तरी आठ-नऊ टक्क्यांची अनिश्चितता राहते. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सरासरीतला फरक त्याच्या आत होता. झीरो, म्हणजे स्कोपचा जुळवलेला नेम, मात्र सरकला, दोन-तीन क्लिक फिरवावे लागले. बॅरल काढून बसवल्यावर तेवढं होतंच.

ज्याची मला जास्त धास्ती होती ती दुसरी चाचणी: थंड बॅरलनं सुरुवात करून न थांबता मोठी फेरी मारायची आणि गोळ्या एका बाजूला सरकत जातात का पाहायचं. ताण असमान सुटला असेल तर ते इथे दिसतं. गोळ्या जागेवर राहिल्या. शेवटी शेवटी स्कोपमध्ये लक्ष्य थरथरायला लागलं, पण ती बॅरलवरून उठणारी गरम हवा होती. बॅरलवर ताणून बांधलेली कापडी पट्टी तिच्यावर पुरेशी ठरते.

माझा भाचा बालेवाडीला 50 मीटरवर .22 चालवतो. पॅरिसला 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून त्याच्या अंगात वेगळाच उत्साह संचारलाय. माझ्या रायफलचा फोटो पाहिल्यावर त्यानं लगेच फोन केला, "मामा, मीपण मारून घेऊ का खाचा? भारी दिसतंय."

"अरे, तुझ्या काडतुसात दारू किती, एक दशांश ग्रॅमच्या आसपास. माझ्यात अठ्ठावीस पट. तुझं बॅरल दिवसभर मारलंस तरी कोमटच राहणार. आणि तुम्ही उभं राहून मारताना तोल साधायला पुढे उलट वजनं लावता ना?"

"हो, लावतो."

"मग काढून पुन्हा लावायचं कशाला? तेच पैसे काडतुसांची लॉट टेस्टिंग करण्यात घाल. रायफल पकडीत धरून वेगवेगळ्या लॉटमधून मारून बघायची, जो लॉट तिला आवडतो तो साठवून ठेवायचा. लापुआ आणि एली या काडतुसांच्या दोन्ही कंपन्या ते करून देतात. .22 ला लॉटमधला फरक कागदावर डोळ्यांनी दिसतो."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मामा, दिसतंय भारी." ते मी मान्य केलं.

या मोसमाच्या शेवटी माझ्या बॅरलचं आयुष्य संपत येईल, म्हणून पुढच्याची मागणी नोंदवली आहे. आटे कापलेले, तीच 30 इंच लांबी आणि तोच 26 मिलिमीटर व्यास. खाचा या वेळी कारखान्यातच, शेवटच्या लॅपिंगच्या आधी. आणि बाहेरून चकचकीत पॉलिश नको, मंद काळं हवं, असं वेगळं लिहून दिलं आहे. त्यासाठी ते जास्तीचे पैसे घेत नाहीत.